शंभर वकिलांचा तक्ता

(गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेलं भाषण, थोडं आटोपशीर करून)



आरती झाली आहे आणि प्रसादाला अजून पाऊण तास आहे, असं कार्यवाहांनी सांगितलंय. तेवढ्या वेळात माझं बोलणं उरकतो.

मी वकील नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही. पॉलिटेक्निकमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या नोकरीला लागलो. दस्तनोंदणीच्या कामाशी माझा रोजचा संबंध येतो. जुन्या रजिस्टरांतली नावं वाचायची, ती यंत्रात भरायची आणि कोणी विचारलं की शोधून द्यायची, हे माझं काम. ते करताना इतिहास वाचायची गोडी लागली. आजचा विषय त्यातूनच आला. एका थोर माणसाचं चरित्र वाचून न्यायव्यवस्थेचा इतिहास थोडा कळतो. पुष्कळ माणसांच्या दोन-दोन ओळींच्या नोंदी एकत्र मांडल्या तर तो किती वेगळा दिसतो, ते मला सांगायचं आहे.

आधी डेटाबेस या शब्दाची भीती घालवू या. १९०८ च्या नोंदणी कायद्यात कलम ५५ आहे. नोंदणी कचेरीत कोणकोणत्या सूच्या ठेवायच्या, ते त्यात सांगितलंय. पहिली सूची माणसांच्या नावांची, दुसरी मिळकतीची. दुसरीला आपण सगळे ‘इंडेक्स-टू’ म्हणून ओळखतो. म्हणजे दस्त एकच, पण तो दोन दारांनी सापडतो. नावाने शोधा किंवा घराने शोधा. डेटाबेस म्हणजे हेच. एकाच तऱ्हेची माहिती ठरलेल्या रकान्यांत भरून ठेवायची, म्हणजे ती हवी तशी उलटसुलट विचारता येते. हे काम कागदावर होत होतं तेव्हा कॉम्प्युटरचा जन्मही झाला नव्हता.

आता याच रीतीने माणसांचा तक्ता केला तर? एक गट निवडायचा. एखाद्या कोर्टातले वकील घ्या, मुन्सफ घ्या किंवा आरोपी घ्या. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे: जन्म कुठे, शिक्षण कुठे, नेमणूक कधी, नातेवाईक कोण, शेवट काय. याला अभ्यासक ‘प्रोसोपोग्राफी’ म्हणतात, आपण सामूहिक चरित्र म्हणू. लुईस नेमियर या इतिहासकाराने १९२९ साली इंग्लंडच्या अठराव्या शतकातल्या पार्लमेंटवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याने पक्षांची भाषणं बाजूला ठेवून एकेका सभासदाचं घराणं, जमीन आणि आश्रयदाता तपासला. राजकारण पक्षांच्या नावांनी चालत होतं, या जुन्या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला.

आपल्याला ही रीत अगदी परकी नाही. आपल्याकडे कुलवृत्तान्त काढतात. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पिढ्यांची नावं असतात. फरक एवढाच की कुलवृत्तान्त रक्ताच्या नात्याने चालतो आणि त्यात नाव काढलेल्या माणसाला जास्त जागा मिळते. सामूहिक चरित्रात नापास झालेल्यालाही तेवढेच रकाने असतात.

पहिलं उदाहरण आपल्याच गावचं देतो, कारण त्यात फक्त सहा ओळी आहेत. मल्हारराव महाराजांवरचा १८७५ चा खटला बडोदेकरांना नवा नाही. रेसिडेंट कर्नल फेयर यांना विष घालण्याचा प्रयत्न केला, असा आरोप होता. चौकशीसाठी सहा जणांचं कमिशन बसलं: बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड कौच, सर रिचर्ड मीड, फिलिप मेल्व्हिल, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आले होते.

या सहा जणांचा तक्ता करा. हुद्दा, वय, कायद्याचं शिक्षण, काहीही भरा. निकालाचा रकाना फक्त एकाच रकान्याशी तंतोतंत जुळतो. तिघाही इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला, तिघाही हिंदी सदस्यांनी मानला नाही. पुढे एप्रिलमध्ये सरकारने महाराजांना पदच्युत केलं ते कमिशनच्या निकालावर नव्हे, गैरकारभाराचं कारण देऊन.

इथे एक सावधगिरी सांगतो. तक्ता प्रश्न दाखवतो, उत्तर देत नाही. तीन विरुद्ध तीन हे दिसल्यावर ‘गोरे ते गोरे, काळे ते काळे’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. प्रत्येकाने आपलं मत कोणत्या पुराव्यावर दिलं, कोणता साक्षीदार खरा मानला, हे मुळातून वाचावं लागतंच. तक्त्याचा उपयोग एवढा की काय वाचायचं आणि कुठे थांबायचं, ते कळतं.

दुसरं उदाहरण मुंबई हायकोर्टाचं. हे कोर्ट १८६२ साली सुरू झालं. तिथल्या सुरुवातीच्या हिंदी न्यायमूर्तींपैकी पाच जण घेऊ. नानाभाई हरिदास १८७३ मध्ये हंगामी आणि १८८४ मध्ये कायम झाले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ मध्ये आले. ते १८९३ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले. बद्रुद्दीन तैयबजी १८९५ मध्ये, नारायण गणेश चंदावरकर १९०१ मध्ये.

या प्रत्येकावर स्वतंत्र भाषण होऊ शकेल. पण पाचही एकाखाली एक लिहा. वर चढायच्या वाटा वेगवेगळ्या दिसतात. तैयबजी १८६७ मध्ये लंडनहून बॅरिस्टर होऊन आले. तेलंग आणि चंदावरकर मुंबईतच कायदा शिकून वकिली करत वर आले. रानडे खालच्या कोर्टातले न्यायाधीश, १८७१ पासून पुण्याला, तिथून नोकरीच्या पायऱ्या चढत आले. आता शिक्षणाचा रकाना पाहा. रानडे, तेलंग आणि चंदावरकर तिघेही एल्फिन्स्टन कॉलेजचे. तैयबजीसुद्धा विलायतेला जाण्याआधी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये होते. वाटा वेगळ्या, पण सुरुवातीचं दार एकच. त्या दारापर्यंत जो पोचू शकला नाही, त्याच्यासाठी पुढच्या सगळ्या वाटा बंद होत्या. रानड्यांचं चरित्र कितीही वेळा वाचलं तरी ही गोष्ट एवढी ठसठशीत दिसत नाही.

आणखी एक रकाना जोडा: काँग्रेस. तैयबजी १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि आठ वर्षांनी न्यायमूर्ती झाले. चंदावरकर १९०० मध्ये अध्यक्ष झाले आणि लगेच पुढच्या वर्षी न्यायमूर्ती. म्हणजे त्या काळात काँग्रेसचं अध्यक्षपद हायकोर्टाच्या खुर्चीच्या आड येत नव्हतं. त्यानंतर वीसच वर्षांनी काय झालं ते आपल्याला माहीत आहे. गांधीजींना १९२२ मध्ये शिक्षा झाली आणि लंडनच्या इनर टेम्पलने बॅरिस्टरांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं. ते परत घातलं गेलं १९८८ मध्ये.

हा बदल एका घराण्यातही दिसतो, आणि ते घराणं बडोद्याशी जोडलेलं आहे. अब्बास तैयबजी १८५४ साली बडोद्यात जन्मले. बद्रुद्दीन यांचे ते पुतणे आणि जावईही. तेही बॅरिस्टर होऊन आले आणि बडोदा राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. निवृत्तीनंतर जालियनवाला बागेच्या चौकशीसाठी काँग्रेसने जी समिती नेमली, तीत ते गांधीजी, चित्तरंजन दास आणि मुकुंदराव जयकर यांच्याबरोबर होते. चौघेही बॅरिस्टर. पुढे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर धारासणाच्या सत्याग्रहाची धुरा अब्बाससाहेबांकडे आली आणि शहात्तराव्या वर्षी तेही पकडले गेले. काका खुर्चीपर्यंत पोचले, पुतणे खुर्चीवरून उठून तुरुंगापर्यंत पोचले. नात्याचा रकाना नसेल तर या दोन ओळी जोडल्याच जाणार नाहीत.

आतापर्यंत नावाजलेली माणसं झाली. या रीतीची खरी कसोटी लागते ती ज्यांचं चरित्र कोणीच लिहिलं नाही अशा माणसांत. याचं मोठं काम लंडनमध्ये झालंय. तिथल्या ओल्ड बेली कोर्टाच्या खटल्यांची छापील वृत्तं १६७४ पासून १९१३ पर्यंतची मिळतात. जवळपास १ लाख ९७ हजार खटले आज कोणालाही शोधता येतात. पुढे अभ्यासकांनी आणखी एक पाऊल टाकलं. १७८० नंतर त्या कोर्टात शिक्षा झालेल्या सुमारे ९० हजार माणसांची नावं घेतली आणि ती जहाजांच्या याद्या, तुरुंगाची रजिस्टरं, खानेसुमारी अशा कित्येक ठिकाणच्या नोंदींशी जोडली. कैद्याची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचं गोंदण हेसुद्धा त्या रजिस्टरांत लिहिलेलं असतं.

त्यातून ठळक दिसलेली गोष्ट म्हणजे निकालपत्रात लिहिलेली शिक्षा आणि प्रत्यक्ष भोगलेली शिक्षा पुष्कळदा एक नसते. फाशीची शिक्षा झालेले पुष्कळ जण फासावर गेले नाहीत. ऑस्ट्रेलियाला पाठवा असा हुकूम झालेले कित्येक जण जहाजावर चढलेच नाहीत. नुसता कायदा वाचणारा किंवा नुसते निकाल वाचणारा इतिहासकार इथे फसला असता. कायदा कोर्टात संपत नाही. तो माणसाच्या मागे घरापर्यंत जातो आणि तिथवर त्याचा पाठलाग करायला याद्याच लागतात.

हे आपल्याकडे करायचं म्हटलं तर अडचणी काय येतात, ते माझ्या कामामुळे मला थोडं माहीत आहे.

पहिली अडचण नावाची. गुजरातमध्ये सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. वल्लभभाईंनी बॅरिस्टर व्हायला विलायतेला जायचं ठरवलं, पैसे साठवले आणि प्रवासाची व्यवस्था केली. त्याबद्दलचं पत्र ‘व्ही. जे. पटेल, वकील’ या नावाने आलं आणि पडलं विठ्ठलभाईंच्या हातात. तेही व्ही. जे. पटेल आणि तेही वकील! थोरल्याने म्हटलं, आधी मी जातो. विठ्ठलभाई १९०५ मध्ये गेले, वल्लभभाईंना १९१० पर्यंत थांबावं लागलं. जिथे चालता-बोलता टपालवाला चकला, तिथे कॉम्प्युटर चकणारच. म्हणून नावावरून दोन नोंदी जोडायच्या नाहीत. नाव, वडिलांचं नाव, गाव, साल यांतलं निदान तीन जुळलं पाहिजे.

पण वडिलांचं नावही बदलतं! नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या काशीरावांचा मुलगा गोपाळ आणि खंडेरावांचे पुत्र सयाजीराव हे यंत्राला दोन माणसं वाटतील. २७ मे १८७५ चं दत्तविधान माहीत असणाऱ्यालाच ते एक आहेत हे कळेल. आणि ज्या समाजात दत्तक घेण्याची रीत होती, तिथे हे फक्त राजवाड्यात घडत नव्हतं. बायकांचं तर विचारूच नका. कुर्लेकरांची यमुना म्हणजेच रमाबाई रानडे. माहेर आणि सासर असे दोन रकाने केले नाहीत तर निम्मा समाज अर्ध्यावर हरवतो.

दुसरी अडचण हुद्द्याची. एकच माणूस मराठी कागदात एका नावाच्या पदावर, गुजरातीत दुसऱ्या, इंग्रजी अहवालात तिसऱ्या. ही अडचण बडोदा सरकारला तेव्हाच जाणवली होती. १९३१ मध्ये निघालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ काढून पाहा. राज्यकारभारातल्या आणि कायद्यातल्या शब्दांचे आठ भाषांतले पर्याय त्यात शेजारी-शेजारी दिले आहेत. आमच्यासारख्यांना आज जो तक्ता बसवायचा आहे, तो त्या लोकांनी हाताने बसवून ठेवला.

तिसरी अडचण तारखेची. शकात ७८ किंवा ७९ मिळवायचे, विक्रम संवतातून ५६ किंवा ५७ वजा करायचे. ‘किंवा’ कुठे लागतो ते महिन्यावर ठरतं, आणि आपल्या गुजरातमध्ये संवताचं वर्ष कार्तिकात बदलतं, उत्तरेत चैत्रात. म्हणून नियम असा की मूळ कागदात जसं आहे तसं एका रकान्यात लिहायचं आणि आपण लावलेला अर्थ शेजारच्या रकान्यात. दोन्ही कधी मिसळायचे नाहीत. अर्थ उद्या दुरुस्त करता येतो. मूळच पुसलं तर कोणाला काहीच करता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तक्ता कितीही चांगला केला तरी त्यात तेच येतात ज्यांची कुठेतरी नोंद झाली. जे राहिले त्यांचं काय?

नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा पास झाल्या, पण विद्यापीठ तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं. ती मिळाली तीस वर्षांनी. आपल्या देशात बायकांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा झाला १९२३ मध्ये. मधल्या वर्षांत पडद्यातल्या स्त्रियांच्या मिळकतीची कामं त्या पाहत होत्या. काठेवाड आणि इंदूरच्या एजंटांपुढे त्यांनी अशा स्त्रियांसाठी अर्ज केले. आता तुम्ही वकिलांच्या सनदांच्या यादीवरून तक्ता केलात तर त्या सालांत स्त्री वकील शून्य. काम होत होतं आणि यादीत शून्य होतं. त्या शून्याचा अर्थ ‘कोणी नव्हतं’ असा नाही, ‘कोणी लिहून घेतलं नाही’ असा आहे.

आणि एक ओळ आपल्या शहराची आहे. ती मी टाळणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शिक्षणाचा रकाना: बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ. नोकरीचा रकाना: १९१७, बडोदा राज्य. पुढे १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर. एवढी भरलेली ओळ क्वचितच दिसेल. पण बडोद्यातला पत्ता? या गावात त्यांना कोणी घर दिलं नाही. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले, तेही पारशी नाव सांगून, आणि कळल्यावर तिथूनही बाहेर पडावं लागलं. सयाजीबागेतली संकल्पभूमी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्या धर्मशाळेची वही उद्या सापडली आणि आपण ती इमानदारीने यंत्रात भरली, तर त्यात आंबेडकर हे नाव सापडणार नाही. एक खोटं नाव सापडेल. पण त्या सालातल्या आपल्या गावाबद्दल त्या खोट्या नावाएवढं खरं दुसरं काही नाही.

म्हणून म्हणतो, हे काम आपल्या घराण्यांच्या कौतुकासाठी करायचं नाही. इथे बसलेल्या पुष्कळांच्या घरी ‘आमचे पणजोबा दरबारात न्यायाधीश होते’ असं सांगतात. काही होतेही. काही मुन्सफ असतील, काही शिरस्तेदार, काही कारकून, आणि त्यात कमीपणा काही नाही. कोर्ट कारकुनाशिवाय एक दिवस चालत नाही. पण ती सगळी नावं एकाखाली एक आली की आडनावं दिसतील, जाती दिसतील, मामा-भाचे आणि व्याही-विहीण दिसतील. नोकऱ्या कोणाला मिळाल्या ते दिसेल, तसंच कोणाला मिळू शकत नव्हत्या तेही दिसेल. ते पाहायची तयारी असेल तरच तक्ता करावा. नाहीतर कुलवृत्तान्त आहेतच.

करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. सरकारी अभिलेखागारात राज्याचे कागद आहेत. नेमणुका आणि बदल्या राज्याच्या ‘आज्ञापत्रिके’त छापल्या जात. त्या अभ्यासकांना मिळतील. जे तिथे मिळणार नाही ते आपल्या माळ्यावर आहे: वकिलीची सनद, नेमणुकीचं पत्र, पेन्शनचं पुस्तक, आजीच्या हातची खर्चाची वही, मागे नावं लिहिलेला ग्रुप फोटो. रावपुऱ्यातले आणि दांडियाबाजारातले वाडे एकामागून एक पडतायत, मुलं पुणे, बंगळूर, अमेरिकेला आहेत, आणि घर रिकामं करताना पहिली जाते ती मोडीतली पेटी, कारण ती कोणाला वाचताच येत नाही. वाचता येत नसेल तर फेकू नका. फोटो काढा. कागद कुठल्या घरातून आला, कोणी दिला, कधी दिला, एवढं मागे पेन्सिलीने लिहा. वाचणारा पुढे भेटेल.

मंडळाला माझी विनंती आहे की एक साधा फॉर्म छापावा. नाव कागदात आहे तसं, वडिलांचं नाव, दत्तक असल्यास मूळ नाव, बायकांसाठी माहेर आणि सासर, गाव, शिक्षण, काम, साल आणि ही माहिती कशावरून ते. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘घरात सांगतात’ हेसुद्धा उत्तर चालेल, फक्त तसं लिहा. हयात माणसांची माहिती त्यांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आणि फॉर्म फक्त सभासदांना देऊ नका. कोर्टात पट्टेवाले होते, पंखा ओढणारे होते, झाडणारे होते. त्यांची नातवंडं याच शहरात राहतात. त्यांच्या ओळी आल्या नाहीत तर आपला तक्ता अपुराच राहील.

प्रसादाची वेळ झाली. शंभर फॉर्म भरून आले तर यंत्रात भरायचं काम माझ्याकडे, रविवारी सकाळी, कचेरीच्या वेळेबाहेर.

गणपती बाप्पा मोरया!